विडीवालीचं घर

पंचवीस वर्षांत आपण सोसायटीच्या सभेत गच्चीच्या गळतीवरून काय कमी भांडलो? पण सोलापुरात कोरड्या घरासाठी खरी झुंज दिली ती विडी कामगार बायकांनी.

झोपडीत एकच खोली. तिथंच चूल, तिथंच पोरं, तिथंच मांडीवर सूप घेऊन विड्या वळायच्या. पान मऊ व्हावं म्हणून भिजवून ओल्या फडक्यात बांधायचं, तंबाखूचा खकाणा घरभर. पावसाळ्यात ओल खालून आणि वरूनही. विडी वळणारी खोकायची, तशी पाळण्यातलं पोरही खोकायचं.

नरसय्या आडम मास्तरांच्या पुढाकारानं या बायकांनी सहकारी गृहनिर्माण संस्था उभी केली. मोर्चे काढले, आणि पोटाला चिमटा घेऊन आपला वाटाही भरला. बाकीचा केंद्र व राज्य सरकारचा. २००६ मध्ये कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहत झाली, १०,००० घरांची! नाव वारली आदिवासींच्या लढ्यातल्या गोदूताईंचं. पुढं तिथंच ३०,००० घरांचं रे नगर आलं. त्यातली १५,००० घरं १९ जानेवारी २०२४ रोजी कामगारांना मिळाली.

शहरापासून लांब पडतं, हे खरं. विड्या आजही घरातच वळतात. पण स्वयंपाकघर वेगळं झालं, संडास घरात आला, आणि छत पक्कं आहे.