चाळिशीत सुरुवात करणारा राजा

चाळिशी उलटली की माणसाला दोन गोष्टी लागतात: वाचायला चष्मा आणि व्यायाम टाळायला कारण. आमच्या बरक्यात कारणांना तोटा नाही. उन्हाळ्यात सकाळी आठलाच ऊन चटके देतं. घरी एसी, गाडीत एसी, ऑफिसात एसी. हिवाळ्यात आपण बैलांच्या टकरी बघायला हौसेनं जातो, पण तिथेही व्यायाम बैलांचाच! अशा वेळी मला औंधच्या राजेसाहेबांची आठवण होते.

सातारा जिल्ह्यातल्या औंध संस्थानचे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) हे चित्रकार होते, कीर्तनकार होते. १९३९ साली त्यांनी कारभार प्रजेच्या हाती सोपवला. पण त्यांचं नाव दूरवर पोचलं ते सूर्यनमस्कारांमुळे. नमस्कार म्हटलं की आपल्याला मुंज झालेला बटू आठवतो. बाळासाहेबांनी मात्र ते नेमानं सुरू केले १९०८ च्या सुमारास, म्हणजे ऐन चाळिशीत!

त्याआधी दहाएक वर्षं ते युजीन सँडोच्या पद्धतीनं व्यायाम करत होते. हा सँडो त्या काळचा जगप्रसिद्ध शरीरसौष्ठवपटू. त्याची पुस्तकं आणि डंबेल्स टपालानं जगभर जात. आपल्या कपाटातल्या ‘सँडो बनियन’मध्ये तो अजून टिकून आहे! पुढे मिरजेच्या संस्थानिकांच्या सांगण्यावरून बाळासाहेब नमस्कारांकडे वळले. विलायती साधनं बाजूला पडली आणि एका सतरंजीएवढ्या जागेत काम भागू लागलं.

सूर्यनमस्कार काही त्यांनी शोधून काढले नाहीत. महाराष्ट्रात ते आधीपासून घातले जातच होते. बाळासाहेबांनी त्यांना शिस्त लावली, श्वास आणि बीजमंत्र यांची सांगड घातली, संस्थानच्या शाळांत ते सुरू केले. राणीसाहेब आणि मुलंही नमस्कार घालत. १९३६ साली राजेसाहेब इंग्लंडला गेले, तेव्हा ते सदुसष्टीचे होते. त्यांना पाहून लुईझ मॉर्गन या पत्रकार बाई इतक्या प्रभावित झाल्या, की त्यांच्या संपादनाखाली १९३८ मध्ये लंडनला नमस्कारांवरचं इंग्रजी पुस्तकच निघालं. त्यातले सगळेच दावे आजचे डॉक्टर मान्य करणार नाहीत. पण साठी उलटलेला तो ताठ माणूस खोटा नव्हता.

औंधातच १९१८ पासून पंडित सातवळेकर राहत होते. वेदांचे हे अभ्यासकही योगासनं आणि नमस्कारांचे पुरस्कर्ते. १८६७ चा जन्म, १९६८ ला निधन. म्हणजे शंभरी पार!

आता कुणी म्हणेल, “अहो, माझं वजन काही जास्त नाही!” पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ साप्ताहिकात स्वतःचा आणि लंडनच्या डॉ. युडकिन यांचा एकत्र फोटो छापला होता. उंचीच्या मानानं दोघांचं वजन सारखंच, बीएमआय २२.३. पण शरीरातली चरबी? युडकिन ९.१ टक्के, आपले याज्ञिक २१.२ टक्के! म्हणजे वरून सडपातळ दिसणारा आपला माणूस आतून गुबगुबीत असू शकतो, आणि मधुमेह तिथूनच शिरतो. घरादारापासून दूर, कुटुंबाची भिस्त एका पगारावर असताना हे दुखणं परवडणारं नाही.

म्हणून मित्रहो, राजेसाहेबांकडून मी शेकडो नमस्कारांचा आकडा घेत नाही, त्यांचा नेम घेतो. रक्तदाब, गुडघे, पाठ यांचं काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. मग पाच-सहापासून सुरुवात करा, दमानं वाढवा. जागा सतरंजीएवढी, वेळ सूर्य तापायच्या आतली. बरक्याचं ऊन इथे आड येत नाही.

नरक चतुर्दशीला आपण पहाटे उठतोच. यंदा पाडव्यालाही उठूया, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीही. शुभ दीपावली!