दिनविशेष : ९ फेब्रुवारी – ऑक्सफॅमचे हैती प्रकरण

जानेवारी २०१० च्या प्रलयंकर भूकंपाने उद्ध्वस्त झालेल्या हैतीत साहाय्यार्थ गेलेल्या ‘ऑक्सफॅम’ या विख्यात ब्रिटिश संस्थेच्या काही अंमलदारांनी, ज्या जनतेच्या दुःखनिवारणासाठी त्यांची नेमणूक झाली होती तिच्यातीलच स्त्रियांच्या असहायतेचा पैशाच्या बळावर गैरफायदा घेतला, हे वृत्त लंडनच्या ‘द टाइम्स’ने २०१८ साली आजच्या दिवशी प्रसिद्ध केले. संस्थेला ते अज्ञात नव्हते. २०११ मध्येच अंतर्गत चौकशी होऊन चौघे बडतर्फ झाले होते, तिघांनी राजीनामे दिले होते, आणि खुद्द तेथील प्रमुखाला, चौकशीस सहकार्य केल्याची कदर म्हणूनच की काय, सन्मानाने जाण्याची मुभा मिळाली होती! हा गृहस्थ पुढे बांगलादेशात दुसऱ्या एका साहाय्यसंस्थेत रुजूही झाला.

संस्थेचा लौकिक आणि देणगीदारांची मर्जी राखण्याच्या चिंतेचा या प्रकरणाच्या हाताळणीवर प्रभाव पडला, असा ठपका ब्रिटनच्या धर्मादाय आयोगाने जून २०१९ च्या अहवालात ठेवला. मर्जी राखण्याच्या त्या खटाटोपाचे फळ मात्र उलटेच मिळाले. वृत्त फुटताच आठवडाभरात संस्थेला ब्रिटिश सरकारकडे नव्या निधीची मागणी करणे तहकूब ठेवावे लागले, आणि जून २०१८ मध्ये हैती सरकारने तिच्या ब्रिटिश शाखेचा परवानाच रद्द केला. उमेदवाराच्या गैरवर्तनाविषयी पूर्वीच्या संस्थेकडे रीतसर विचारणा केल्यावाचून नेमणूक करू नये, अशी व्यवस्था साहाय्यसंस्थांनी २०१९ पासून आपसांत सुरू केली.