एकशे एकोणिसावे मिनिट

मागील दिवाळीच्या आधीच्या एका रविवारी आमच्या धर्मग्रामातील तरुणांचा फुटबॉल संघ एका गोलाने हरला. सामना तसा मोठा नव्हता. तालुक्यातील सहा-सात हौशी संघ मिळून रविवारी दुपारी जे सामने खेळतात, त्यांतलाच तो एक. परतीच्या पावसाने मैदानावरील काळी माती बुटांना चिकटत होती, आणि बूट नसलेल्यांच्या पावलांना तर अधिकच. शेवटची दोन-तीन मिनिटे उरली असता प्रतिस्पर्ध्यांचा एक साधा फटका आमच्या गोलरक्षकाच्या हातांतून निसटला आणि सामना संपला.

सायंकाळी मंदिराच्या ओट्यावर मुलांची बैठक बसली. पहिल्या अर्ध्या तासात चूक गोलरक्षकाची ठरली, पुढच्या अर्ध्या तासात पंचांची, आणि अंधार पडेपर्यंत, आमचा अंदाज खरा असेल तर, थोडीशी आमचीही. कारण मिस्सा लांबली व मुलांना जेवून लगेच मैदान गाठावे लागले. गोलरक्षक मात्र त्या सायंकाळी जपमाळेला आला नाही. पुढील रविवारी मिस्सेलाही आला नाही. तेव्हा आम्ही मुलांना एका दुसऱ्या सामन्याचा इतिहास सांगितला. तोही रविवारीच झाला होता आणि तोही एका गोलाने हुकला होता. तो इतिहास आमच्या वाचकांपुढेही ठेवावा, असे वाटले म्हणून हा लेखप्रपंच.

राज्याराज्यांच्या संघांमध्ये खेळल्या जाणाऱ्या संतोष करंडक स्पर्धेची ही हकीकत आहे. करंडकाचे नाव ऐकून कोणाला वाटेल, की जिंकणाऱ्यास होणाऱ्या संतोषावरून ते पडले असावे. वस्तुतः संतोष हे पूर्व बंगालातील, म्हणजे आजच्या बांगलादेशातील, एका जमीनदारीचे नाव. तेथील राजे सर मन्मथनाथ रायचौधरी हे कलकत्त्याच्या फुटबॉल संघटनेचे अध्यक्ष होते. त्यांच्या स्मरणार्थ १९४१ मध्ये ही स्पर्धा सुरू झाली आणि पहिला करंडक बंगालनेच नेला. उपविजेत्यांनाही रिकाम्या हाताने परतावे लागू नये अशी तजवीज पुढे झाली. डॉ. एस. के. गुप्ता यांनी आपल्या पत्नीच्या नावे त्यांच्यासाठी कमला गुप्ता करंडक दिला. हरलेल्यांच्या करंडकाला एका गृहिणीचे नाव असावे, हे आम्हांस फार शोभून दिसते. पराभूतांना घरी जाऊन पहिला घास कोण भरवते, हे दात्याला ठाऊक असले पाहिजे.

या स्पर्धेत गोव्याचा प्रवेश उशिरा झाला. गोवा १९६१ च्या डिसेंबरपर्यंत पोर्तुगीज अंमलाखाली होता. पण चेंडू तेथे फार पूर्वी पोहोचला होता आणि तो नेणारा हात धर्मगुरूचा होता. फादर विल्यम रॉबर्ट लायन्स हे प्रकृतिस्वास्थ्यासाठी बार्देश तालुक्यातील शिवोली गावी आले आणि १८८३ मध्ये तेथील मुलांना त्यांनी हा खेळ शिकविला, असे गोव्याच्या क्रीडेतिहासात नमूद आहे. पुढे हडफडे येथील सेंट जोसेफ विद्यालय त्यांनीच उभारले. ख्रिस्ती शिक्षणात धर्मपाठ, व्याकरण आणि मैदान या तिन्हींना स्थान हवे, ही त्या काळच्या मिशनरी शिक्षकांची श्रद्धा होती. संत जॉन बॉस्को यांनी तुरीन शहरातील अनाथ, भटक्या मुलांना रविवारी एकत्र आणले, तेव्हा प्रार्थनेइतकेच खेळाचे अंगण त्यांना आवश्यक वाटले होते, हे वाचकांना स्मरत असेलच.

येथे रविवारविषयी थोडे विषयांतर करतो. इंग्लंडमध्ये रविवारी फुटबॉल खेळणे तेथील फुटबॉल संघटनेला अनेक दशके मान्य नव्हते. शब्बाथाचे कडक पालन करणाऱ्या प्रोटेस्टंट परंपरेचा तो प्रभाव होता. रविवारी खेळणाऱ्या हौशी संघांना १९६० मध्ये मान्यता मिळाली, तेव्हा कारखान्यांतले व दुकानांतले हजारो मजूर उजळ माथ्याने मैदानावर उतरले. कॅथोलिक गावांत हा प्रश्न सहसा उद्भवला नाही. सकाळी मिस्सा, दुपारी भोजन आणि ऊन उतरले की चेंडू, असा क्रम गोव्यात चालत आला. भातकापणी झाली की शेत हेच मैदान. अशा घरांतील मुले पोटासाठी मुंबईला आली आणि खेळही बरोबर घेऊन आली. मुंबईच्या नेव्हिल डिसोझा यांनी १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले, ते याच परंपरेचे फळ होय.

आता मूळ विषयाकडे वळू. गोव्याने संतोष करंडक पाच वेळा जिंकला. १९८२-८३ मध्ये कोलकात्यात बंगालसह संयुक्त विजेतेपद मिळाले. पुढच्याच हंगामात ब्रह्मानंद संखवाळकर यांच्या नेतृत्वाखाली मद्रास येथे पंजाबला हरवून तो करंडक गोव्याने एकट्याने उचलला. परंतु विजयांच्या यादीशेजारी दुसरी एक यादी आहे आणि ती आम्हांस अधिक बोलकी वाटते. १९७८-७९ च्या हंगामात श्रीनगर येथे अंतिम सामन्यात बंगालकडून हार, एका गोलाने. १९९५-९६ मध्ये मडगावला, आपल्याच माणसांदेखत, बंगालकडून हार, एका गोलाने. १९९६-९७ मध्ये जबलपूरला पुन्हा बंगालकडून, पुन्हा एका गोलाने. मोठ्या फरकाने हरलेला माणूस प्रतिस्पर्ध्याचे सामर्थ्य मान्य करून झोपी जातो. एका गोलाने हरलेला रात्रभर तोच एक क्षण उलटसुलट करून पाहत राहतो.

२०१७ च्या मार्च महिन्यात ही स्पर्धा गोव्यातच भरली. त्याच्या आदल्या वर्षी साळगावकर, धेंपो आणि स्पोर्टिंग हे गोव्याचे तीन नामांकित क्लब देशाच्या फुटबॉल महासंघाच्या धोरणाच्या निषेधार्थ राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले होते. गोव्यातील मुलांना देशापुढे खेळून दाखविण्याची जागा त्यामुळे आकसली होती आणि संतोष करंडकाला एरवी नसते इतके महत्त्व आले होते. उपांत्य सामन्यात गोव्याने केरळला २-१ असे हरविले. दोन्ही गोल लिस्टन कुलासो या अवघ्या अठरा वर्षांच्या मुलाने केले. दुसऱ्या उपांत्य सामन्यात बंगाल आणि मिझोराम यांच्यात एकही गोल झाला नाही व पेनल्टींवर बंगाल ६-५ असा कसाबसा निसटला.

अंतिम सामना २६ मार्च रोजी बांबोळीच्या पठारावरील मैदानात झाला. त्या दिवशी प्रायश्चित्तकाळातील चौथा रविवार होता. ज्या रविवारी धर्मगुरू जांभळ्याऐवजी गुलाबी झगा परिधान करू शकतात आणि देऊळमाता प्रायश्चित्ताच्या मध्यावर आपल्या लेकरांना आनंद करावयास सांगते, तोच हा रविवार. त्या वर्षीच्या क्रमाप्रमाणे योहानाच्या शुभवर्तमानातील जन्मांध माणसाचा पाठ होता. आम्हीही सकाळी त्यावरच प्रवचन केले होते. त्या पाठाच्या आरंभी शिष्य प्रभूला विचारतात, की हा मनुष्य आंधळा जन्मला तो कोणाच्या पापामुळे, याच्या स्वतःच्या की याच्या आईबापांच्या? प्रभू दोन्ही पर्याय नाकारतो आणि पुढे जे करावयाचे आहे त्याकडे वळतो.

सामन्यात नव्वद मिनिटे गोल झाला नाही. तीस मिनिटांचा जादा वेळ सुरू झाला, त्याचाही पूर्वार्ध कोराच गेला. आणखी थोडे तग धरले असते तर पेनल्टी आल्या असत्या, आणि पेनल्टींवर बंगालला हरविल्याची आठवण गोव्याच्या गाठीशी होती. २००८-०९ च्या हंगामात चेन्नईला तसेच घडून पाचवे विजेतेपद मिळाले होते. परंतु एकशे एकोणिसाव्या मिनिटाला बंगालच्या मनवीर सिंगने गोल केला. बंगालचे ते बत्तिसावे विजेतेपद ठरले.

एकशे अठरा मिनिटे जो संघ तोडीस तोड खेळला, त्याच्या नावापुढे पराभव लिहिला गेला आणि तो योग्यच लिहिला गेला. अन्याय झाला असे म्हणण्याचा मोह आम्हांस होत नाही. खेळाचा वेळ एकशे वीस मिनिटे असेल तर शेवटचे मिनिटही पहिल्याइतकेच खरे असते. आमचा आक्षेप दुसऱ्याच गोष्टीला आहे. सामना संपताच जो प्रश्न विचारला जातो तो शिष्यांच्या प्रश्नाचाच भाऊ असतो: कोणामुळे? बचावातल्या अमक्यामुळे, की प्रशिक्षकामुळे, की पंचामुळे? चूक शोधू नये असे नव्हे. दर आठवड्याला पापनिवेदन ऐकणाऱ्या माणसाने तसे म्हणणे शोभणार नाही. पण पापनिवेदनात माणूस स्वतःची चूक सांगतो. शेजाऱ्याची सांगू लागला की आम्ही त्याला थांबवितो.

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात हा विषय केवळ खेळाचा राहत नाही. या जिल्ह्याचे नाव कापसाबरोबर शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी देशभर नेले. २००६ साली केंद्र सरकारने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली, त्यांत आपला जिल्हा होता. अशा घरी सांत्वनाला गेलो असता आम्ही ओटीवर बसलेल्यांचे बोलणे ऐकले आहे. बी चुकीचे घेतले, कर्ज नको तेथून काढले, मुलीच्या लग्नात फार खर्चला. भाव कोसळला, पाऊस दडी मारून बसला, हे सर्वांना ठाऊक असते. तरी बोट अखेर त्या एका माणसाकडेच वळते, आणि ते आपल्याकडे वळणार हे त्याला जिवंतपणी कळून चुकलेले असते. म्हणून जपमाळेला न आलेल्या गोलरक्षकाची आम्हांस एवढी काळजी वाटली. तो सतरा वर्षांचा आहे आणि त्याचे घर कोरडवाहू चार एकरांवर चालते.

बांबोळीच्या सामन्यानंतर काय झाले, तेही मुलांना सांगितले. ज्या मनवीर सिंगने गोव्याला रडविले, त्या जालंधर जिल्ह्यातील तरुणाला त्याच वर्षी एफसी गोवा या संघाने आपल्याकडे घेतले. लिस्टन कुलासोही त्याच संघात दाखल झाला. नंतर दोघेही कोलकात्याच्या मोहन बागानमध्ये गेले, आणि १८ मार्च २०२३ रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर मोहन बागानने बंगळूरला पेनल्टींवर हरवून इंडियन सुपर लीगचा चषक पटकाविला तेव्हा दोघे एकाच संघात होते. गोव्याच्या संघाचे म्हणाल, तर ९ मार्च २०२४ रोजी अरुणाचल प्रदेशातील युपिया येथे तो पुन्हा संतोष करंडकाच्या अंतिम सामन्यात पोहोचला. समोर सेनादलाचा संघ होता. गोवा हरला, एका गोलाने. हे ऐकून मुले हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

दुसऱ्या दिवशी संघाचा कप्तान आणि आणखी दोघे सायकलींवर गोलरक्षकाच्या वावरात गेले. कापसाची वेचणी चालू होती. तिघांनी दुपारपर्यंत त्याच्या आईसोबत कापूस वेचला. सामन्याविषयी कोणी काही बोलले नाही असे आम्हांस सांगण्यात आले, आणि ते आम्ही खरे मानतो. त्या आठवड्यात तो सरावाला आला.

येत्या रविवारी पांढरकवड्याच्या मुलांशी सामना आहे. मिस्सा सकाळी सातला ठेवली असून प्रवचन दहा मिनिटांत आटोपण्याचे वचन आम्ही दिले आहे.