श्यामची आई (चित्रपट)

श्यामची आई हा १९५३ साली प्रदर्शित झालेला मराठी कौटुंबिक चित्रपट आहे. साने गुरुजी यांच्या याच नावाच्या पुस्तकावरून प्रल्हाद केशव अत्रे यांनी तो लिहिला, निर्माण केला व दिग्दर्शित केला. वनमाला यांनी आईची, तर माधव वझे यांनी श्यामची भूमिका केली. संगीत वसंत देसाई यांचे होते.

खानदेशाशी संबंध

कथा कोकणातील पालगडची असली, तरी ती सांगणारा शिक्षक खानदेशात घडला. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. तेथील वसतिगृहात ते मुलांची आईच्या मायेने देखभाल करीत. मुलांसाठी त्यांनी 'छात्रालय' हे हस्तलिखित दैनिकही चालवले. १९३० साली नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरील प्रवचने त्यांनीच लिहून घेतली. 'श्यामची आई' मात्र नाशिकच्या तुरुंगात, फेब्रुवारी १९३३ मध्ये अवघ्या पाच दिवसांत लिहून झाली. पुस्तकात एकूण ४२ 'रात्री' आहेत.

स्वरूप

चित्रपटाला रूढ अर्थाचा खलनायक नाही. कर्ज वाढत जाते, घराची प्रतिष्ठा ढासळते आणि आजारी आई खचत जाते; संघर्ष आहे तो गरिबी आणि स्वाभिमान यांच्यातला. पोहायला घाबरणाऱ्या श्यामला आई मारून विहिरीवर पाठवते, हा प्रसंग विशेष स्मरणात राहिला. ही आई केवळ सोसणारी नाही, प्रसंगी कठोर होणारीही आहे. चित्रपट भाबडेपणापासून बराचसा वाचतो तो त्यामुळेच. आईभोवती घराची पडझड उभी करण्याची ही रीत इतर भाषांतही आढळते. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर पोलंडमध्ये जोसेफ ग्रीन यांनी काढलेल्या 'अ ब्रिव्हेले दर मामेन' (आईला पत्र) या यिडिश चित्रपटातही दारिद्र्य व स्थलांतर यांनी विखुरलेले कुटुंब आईच सावरू पाहते.

सन्मान

१९५४ साली झालेल्या पहिल्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत 'श्यामची आई'ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले. साने गुरुजींना मात्र हा चित्रपट पाहता आला नाही. ११ जून १९५० रोजीच त्यांचे निधन झाले होते.

याच पुस्तकावर आधारित, सुजय डहाके दिग्दर्शित कृष्णधवल चित्रपट २०२३ साली प्रदर्शित झाला. त्यात साने गुरुजींची भूमिका ओम भुतकर यांनी केली आहे.