जखमी पाखरू कोणाचे?

बारामती तालुक्यात सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे. 1997 साली चिंकारा हरणांसाठी राखलेला हा माळ जेमतेम 5.14 चौरस किलोमीटरचा आहे. समजा, अशा माळावर कोणी एखाद्या पाखराला बाण मारला. पाखरू जखमी झाले, पण पडले नाही. फडफडत बांध ओलांडून गेले आणि संध्याकाळी दुसऱ्याच माणसाला बाभळीखाली सापडले. ते कोणाचे? बाण मारणाऱ्याचे, शोधणाऱ्याचे, की कोणाचेच नाही?

प्रश्न पोरकट वाटतो, पण त्यावर स्मृतिकारांनी, कवींनी आणि रोमच्या कायदेपंडितांनी मत दिले आहे. त्याचे कारण धनुष्यात आहे. बाणाने शिकार बहुधा जागीच कोसळत नाही. जखमी जनावर पळते, झुडपात शिरते. पारध्याला रक्ताचे थेंब, मोडलेले गवत, उलटलेला खडा पाहत माग काढावा लागतो. पक्ष्याचा माग तर अधिकच अवघड, कारण तो जमिनीवर खूणच ठेवत नाही; एखादे पीस मिळाले तर मिळाले. बाण सुटणे आणि शिकार हाती येणे यांत असे तास जातात. हक्काचा वाद या मधल्या वेळातच जन्मतो.

मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात याचे उत्तर एका ओळीत येते: रान तोडून शेत करणाऱ्याचे ते शेत, आणि ज्याचा बाण आधी रुतला त्याचे हरीण. गंमत अशी की तिथे विषय शिकारीचा नाहीच. संतती बीजाची की क्षेत्राची, असा वाद चालू आहे आणि हरणाचा नियम त्यात दाखला म्हणून आला आहे. दाखला नेहमी सर्वांना ठाऊक असलेल्या गोष्टीचा देतात. म्हणजे हा नियम त्या काळी रूढ असला पाहिजे. माग काढण्याचे कष्ट कोणी घेतले, याची दखल त्यात नाही.

पण दोन बाण एकदमच लागले तर? महाभारताच्या वनपर्वात अर्जुन आणि किरातवेषातील शंकर एकाच रानडुकरावर बाण सोडतात आणि भांडण जुंपते. भारवीने यावर ‘किरातार्जुनीय’ हे महाकाव्य रचले. त्यात अर्जुन आपला बाण परत घ्यायला जातो, तेव्हा किराताचा दूत तो बाण आपल्या धन्याचा असल्याचे सांगतो. या भारवीचे नाव इ. स. 634 च्या ऐहोळे शिलालेखात कालिदासाच्या जोडीने येते. पुलकेशी दुसरा तीन महाराष्ट्रकांचा स्वामी झाल्याचे सांगणारा शिलालेख तो हाच. राजपुत्राशी बरोबरीने भांडणारा वनवासी, हे चित्र त्या काळच्या श्रोत्यांना अशक्य वाटत नव्हते. अर्थात तो वनवासी प्रत्यक्षात देव निघतो, ही सोयही कवीने ठेवली आहेच.

रोममध्ये सिसेरोचा मित्र ट्रेबाटियस याचे मत असे, की शिकारी पाठलाग करीत आहे तोवर जखमी जनावर त्याचे. त्याने पाठलाग सोडला की हक्क संपला. मनूला न दिसलेले कष्ट येथे मोजले गेले. तथापि इ. स. 533 च्या जस्टिनियनच्या संहितेत हे मत मागे पडले आणि प्रत्यक्ष हाती लागेल तेव्हाच मालकी, असे ठरले.

तिसरे उत्तर मराठी मुलांना शाळेपासून ठाऊक असते. देवदत्ताने बाण मारलेला हंस सिद्धार्थाने उचलला, बाण काढला, आणि मारणाऱ्यापेक्षा वाचवणाऱ्याचा हक्क मोठा ठरला. ही कथा पाली त्रिपिटकात नाही. ती अभिनिष्क्रमणसूत्राच्या परंपरेतली आहे आणि एडविन अर्नोल्डच्या 1879 मधील काव्यामुळे जगभर पोहोचली. बाण लागला म्हणजे मालकी आली, या जुन्या नियमाला इतका सरळ नकार दुसरीकडे क्वचितच सापडतो.

इंग्रजी अमलात धनुष्याची जागा बंदुकीने घेतली आणि प्रश्नाचे रूप पालटले. इंदापूरची हद्द भीमेपाशी संपते. पलीकडे जुन्या अहमदनगर जिल्ह्यातले कर्जत. दोन्ही तीरांवरचे माळ एकाच जातीचे: उथळ जमीन, कमी पाऊस, कुसळी गवत. हे माळढोकाचे घर. नराचे वजन दहा-पंधरा किलो, उंची सुमारे एक मीटर. घुमणाऱ्या आवाजावरून त्याला ‘हूम’ही म्हणत. रॉबर्ट मॅन्सफील्ड या युरोपीय शिकाऱ्याने 1809 ते 1829 या काळात एकट्या अहमदनगर जिल्ह्यात 961 माळढोक मारल्याची नोंद आहे. वीस वर्षे, जवळजवळ दर आठवड्याला एक.

हा आकडा अनेकदा सांगितला जातो, पण तो हाती आलेल्या पक्ष्यांचा आहे. त्या काळच्या ठासणीच्या बंदुकीतील छर्रे लागूनही इतका मोठा पक्षी उडून जाऊ शके. असे किती पक्षी दूरच्या नाल्यात मेले, हे कोणत्याही वहीत नाही. माळढोकाची मादी एका खेपेस बहुधा एकच अंडे घालते. अशा पक्ष्याच्या बाबतीत ही न झालेली नोंद झालेल्या नोंदीइतकीच महत्त्वाची आहे. आकडा हे साधन वापरताना तो काय मोजतो, यापेक्षा काय मोजत नाही हे आधी पाहावे लागते.

वहीत आणखी कोणी नाही: माग जाणणारी माणसे. माळावरच्या फासेपारध्यांचे नावच त्यांच्या साधनावरून पडले आहे. तित्तिर-लाव्यांच्या वाटेवर फासांची रांग लावायची आणि पाळलेल्या गाय-बैलाच्या आडोशाने पाखरे हळूहळू तिकडे वळवायची, ही त्यांची रीत. फासात पाखरू जिवंत सापडते; जखमी होऊन निसटण्याचा प्रश्न बराचसा मिटतो. साहेबाची शिकार खेळ ठरली. यांना मात्र, 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा 1911 मध्ये मुंबई इलाख्याला लागू झाल्यावर, जन्मतःच गुन्हेगार ठरवले गेले. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला. संशय आजही पुरता गेलेला नाही.

दरम्यान माळच आटला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरा डावा कालवा आला, बारामती-इंदापुरात ऊस उभा राहिला. 1980 च्या सुमारास उजनीचे पाणी भीमाकाठ व्यापून बसले. माळढोकासाठी 1979 साली सोलापूर-अहमदनगर भागात अभयारण्य झाले, तेव्हा पक्षी मोजके उरले होते.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने जुन्या प्रश्नाला चौथे उत्तर दिले. बेकायदा शिकार झालेला किंवा मृत सापडलेला वन्यप्राणी शासनाची मालमत्ता; तो ज्याच्या हाती येईल त्याने 48 तासांत पोलीस ठाण्याला किंवा वनाधिकाऱ्याला कळवायचे. आणि ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत ठार मारण्याबरोबर मारण्याचा प्रयत्न आणि जखमी करणे हेही घातले. मॅन्सफील्डच्या आकड्यात न बसलेले, छर्रे घेऊन उडून गेलेले पक्षी या व्याख्येत प्रथमच बसतात.