गळ्यातली ग्रंथी आणि टीबीची गोळी

कड्याहून मी, तुमची बचत गटाची ताई बोलतेय. आज एका औषधाचा ऐंशी वर्षांचा इतिहास सांगणार आहे. पण सुरुवात आपल्या गटातूनच करते.

आमच्या गटातली एक जण दरवर्षी कोयत्यावर जायची. तिला टीबी झाला, तोही नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणारा. त्याला एमडीआर टीबी म्हणतात. उपचार सुरू झाले, खोकला थांबला. पण काही महिन्यांनी ती मंदावली. चेहरा सुजलेला, उन्हाळ्यातही थंडी वाजायची, केस गळायचे, बैठकीला चालत येणंही जड झालं. घरचे म्हणाले, बसून खायची सवय लागली. ती म्हणाली, "ताई, या गोळ्यांनीच मला खाल्लं. बंद करते आता."

तिचं म्हणणं निम्मं खरं होतं. ते कसं, हे कळायला मागे जावं लागेल.

आपल्या गळ्यात फुलपाखरासारखी थायरॉइड ग्रंथी असते. मिठातलं आयोडीन घेऊन ती एक रस तयार करते. शरीराचा वेग त्या रसावर चालतो. रस कमी पडला की माणूस मंदावतो, आणि जास्त काम करायच्या धडपडीत ग्रंथी फुगते. हाच गलगंड. आयोडीन कमी पडलं की गलगंड होतो, हे पूर्वीपासून माहीत होतं.

१९४० नंतरच्या काळात अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात ज्युलिया मॅकेंझी आणि कॉस्मो मॅकेंझी हे संशोधक उंदरांच्या आहारावर काम करत होते. आतड्यातले जंतू मारायला त्यांनी उंदरांना सल्फाग्वानिडीन हे औषध दिलं. जंतू मारायचं औषध, पण फुगली गळ्यातली ग्रंथी! आयोडीन वाढवून पाहिलं, तरी उपयोग झाला नाही. औषधच ग्रंथीला रस करू देत नव्हतं.

१९४३ साली एडविन अ‍ॅस्टवूड या डॉक्टरांनी हाच दोष कामाला लावला. ज्यांची ग्रंथी गरजेपेक्षा जास्त रस करते, त्यांना त्यांनी अशाच गुणाची औषधं दिली. आज दिली जाणारी कार्बिमाझोलची गोळी त्याच वाटेने आली.

पुढे टीबीवर पीएएस आणि नंतर इथिओनामाइड ही औषधं आली. त्यांनी जीव वाचवले, पण काही रुग्णांची थायरॉइड मंदावली. मुंबईत एमडीआर टीबी आणि एचआयव्ही दोन्ही असलेल्या रुग्णांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यातही हा त्रास बऱ्याच जणांत दिसला.

म्हणजे आमची मैत्रीण आळशी नव्हती. तिच्या गोळ्यांत इथिओनामाइड होती. डॉक्टरांनी टीएसएच ही रक्ताची तपासणी केली आणि थायरॉइडची गोळी जोडून दिली. टीबीच्या गोळ्या चालूच राहिल्या. हळूहळू तिला उभारी आली.

आता नीट ऐका. प्रत्येक अँटिबायोटिकने थायरॉइड बिघडत नाही, उगाच घाबरू नका. एमडीआर टीबीचे उपचार चालू असतील आणि थकवा, सूज, थंडी वाटू लागली, तर टीएसएच तपासायचं का, असं डॉक्टरांना विचारा. हा त्रास बहुतेक वेळा उपचार संपल्यावर जातो.

दुसरं, आधीपासून थायरॉइडची गोळी घेणाऱ्या बाईला टीबी झाला तर तिने ते लगेच सांगावं. साध्या टीबीच्या उपचारातलं रिफाम्पिसिन थायरॉइडच्या गोळीचा असर कमी करतं. डोस वाढवावा लागू शकतो.

आणि टीबीची गोळी आपल्या मनाने कधीच सोडू नका. अर्धवट सोडलेला टीबी पुन्हा उठतो, आणि जास्त हट्टी होऊन उठतो.

पुढच्या बैठकीत हप्त्याची वही मिटण्याआधी शेजारणीला एवढंच विचारा, "बाई, तुला बरं वाटतंय ना?" ती थकली म्हणाली, तर आळशी म्हणण्याआधी तिला दवाखान्यात घेऊन जा.