घोरपडीचे ऊन : बंदिस्त सरीसृपाची ऊब, प्रकाश आणि सिंहगडाची कथा

नंदुरबार जिल्ह्यातील शहादा तालुक्यात तापीकाठी वसलेल्या सारंगखेडा येथे मार्गशीर्षातील दत्तजयंतीस एकमुखी दत्ताची यात्रा व तीसोबत घोड्यांचा प्रसिद्ध बाजार भरतो. दिवस ऐन थंडीचे असतात. रात्री घोड्याच्या पाठीवर झूल टाकली की जनावराचे भागते; घोडा आपली ऊब स्वतः निर्माण करतो, झूल ती केवळ राखते. खानदेशच्या शिवारात आढळणाऱ्या घोरपडीला अशी झूल पांघरली तर काहीही साधणार नाही, कारण राखावी अशी ऊब तिच्यापाशी नसतेच. ती तिला उन्हातून मिळवावी लागते. हा फरक प्राणिशास्त्राच्या क्रमिक पुस्तकात असतो. इतिहासाच्या वर्गात सहसा येत नाही. तो तेथे का यावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

घोरपडीच्या कुळातील प्राणी छपराखाली जगवायचा तर ऊन कृत्रिमरीत्या घडवावे लागते. या प्रयत्नांच्या इतिहासात लंडन प्राणिसंग्रहालयाचे सरीसृपगृह महत्त्वाचे आहे. १९२७ साली खुल्या झालेल्या या वास्तूची आखणी जोन प्रॉक्टर (१८९७–१९३१) या विदुषीने केली होती. तिने सर्व दालने सरसकट तापविली नाहीत. विजेच्या साहाय्याने वेगवेगळ्या भागांत वेगवेगळी उष्णता राखली, प्रेक्षकांची बाजू मंद व प्राण्यांची बाजू उजळ ठेवली, आणि अतिनील किरण आरपार जाऊ देणारी विशेष काच वापरली. त्याच वर्षी तेथे दोन कोमोडो ड्रॅगन, म्हणजे घोरपडीचे इंडोनेशियातील महाकाय भाऊबंद, आणले गेले. त्यांपैकी 'सुंबावा' इतका माणसाळला की प्रॉक्टर त्याला शेपटीला धरून दिशा देत आवारात फिरवीत असे. हे प्रेमळपणाचे उदाहरण म्हणून सांगितले जाते. परंतु त्यामागे उष्णता व प्रकाश यांचा काटेकोर हिशेब होता, हे विसरता येत नाही.

त्या विशेष काचेचे मर्म असे. साधी काच ऊन आत घेते, पण त्यातील उपयुक्त अतिनील किरण बव्हंशी अडविते. हे किरण त्वचेवर पडल्यावर शरीरात ड जीवनसत्त्व तयार होते आणि त्यामुळे अन्नातील चुना हाडांना लागतो. तसे न झाल्यास सरीसृपाची हाडे मऊ पडून वाकतात. ऊब व प्रकाश या म्हणूनच दोन निरनिराळ्या गरजा ठरतात. आज बंदिवासात एका टोकास वरून तापणारा दिवा, दुसरे टोक थंड, शिवाय स्वतंत्र अतिनील दिवा आणि रात्री अंधार अशी रचना केली जाते. उष्णता वरूनच द्यावी लागते. खालून तापविलेल्या दगडावर प्राणी पोट टेकून बसून राहतो व भाजतो. ऊन आणि सावली यांच्यात ये-जा करूनच घोरपड आपले तापमान सुमारे ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास राखते.

भारतात मात्र असा पिंजरा घरी करता येत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत घोरपड आहे. तिला पकडणे वा पाळणे हा गुन्हा आहे. ही तरतूद योग्यच म्हटली पाहिजे. कातडी, मांस आणि 'हाथाजोडी' या नावाने वनस्पतीचे मूळ म्हणून विकला जाणारा तिचा अवयव, यांपायी तिचा मोठा संहार झाला आहे.

या पार्श्वभूमीवर सिंहगडाची कथा पुन्हा वाचण्यासारखी आहे. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री, माघ वद्य नवमीस, तानाजी मालुसरे गडावर चढले. पोवाड्यातील 'यशवंती' घोरपड दोर घेऊन कडा चढते. परंतु घोरपड दिवसा वावरणारा प्राणी आहे. माघातील रात्री, सूर्यास्तानंतर कित्येक तासांनी, सुमारे १,३०० मीटर उंचीच्या गडाच्या कड्यावर तिचे स्नायू मंदावलेले असणार. ती नखांनी खडक धरून राहील, हे खरे. उभा कडा चपळाईने चढेल हे अवघड. केवळ एवढ्यावरून कथा खोटी ठरत नाही. पण १६९७ च्या सभासद बखरीत घोरपड नाहीच. तेथे निवडलेले दोन मावळे वानरांप्रमाणे कडा चढतात आणि वरून माळ लावून इतरांना घेतात. समकालाच्या अधिक निकटचे साधन आणि प्राण्याचे शरीरधर्म येथे एकच साक्ष देतात. घोरपडे घराण्याच्या नावामागील खेळणा किल्ल्याची, बहमनी काळातील परंपरा याच कसोटीवर घासून पाहता येईल. ती चढाई दिवसाची की रात्रीची, हा प्रश्न तेथे आधी विचारावा लागेल.

लोककथेत यशवंती अर्ध्या कड्यावरून मागे फिरते आणि तो अपशकुन मानला जातो. तानाजी संतापतो, तिला धमकावतो, मग ती चढते. कथनात हा प्रसंग नायकाचा निर्धार दाखविण्यासाठी येतो. रानात वावरणाऱ्यांना मात्र थंडीतली घोरपड ठाऊक होती. ती हलत नाही, ढकलली तरी बिळाकडेच वळते. रचणाऱ्याच्या कानी हे अनुभव आले असावेत, आणि मागे फिरणारी घोरपड तेथूनच कथेत शिरली असावी, असे प्रस्तुत लेखकास वाटते.